पिकअपसाठी बाहेरच्या (कंपनीच्या नसलेल्या) रिम: टिकाऊ कोणत्या, आणि त्या ओळखायच्या कशा?

सहानट्या
नमस्कार मंडळी. पिकअपला स्टेपनीसकट पाचही रिम नव्या घ्यायच्या आहेत. मिरवायला नकोत, टिकायला हव्यात. आकडे देतो:
मागच्या ॲक्सलची कमाल क्षमता १८५० किलो. सध्याची रिम १७×७.५ (इंचांत व्यास आणि रुंदी), ईटी ३० (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडाचं अंतर, मिमीत). सहा नट, पीसीडी (नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १३९.७, हबचं भोक १०६.१, स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) एम१२×१.५. टायर २६५/६५ आर१७. हौद्यात बहुतेक वेळा सहाशे-सातशे किलो माल, रस्ता अर्धा डांबरी आणि अर्धा दगडमातीचा.
समोर तीन पर्याय आहेत: (क) १७×९ ओतीव अलॉय, ईटी ०; (ख) २०×८.५ फ्लो-फॉर्म्ड, ईटी २५. (ग) १७×८ लोखंडी, ईटी २५. कुठला घेऊ?

लेथवाला
तिन्ही बाजूला ठेवा आणि आधी रिम पालथी घाला. दर्शनी बाजूवरून काही कळत नाही. कामाचं सगळं मागे, स्पोकच्या पाठीवर किंवा हबच्या बसक्याभोवती (रिम हबला टेकते त्या जागेभोवती) ओतलेलं असतं: व्यास, रुंदी, ईटी, पीसीडी आणि कमाल भार. भाराचा आकडाच नसेल तर ती रिम तिथेच ठेवून निघायचं.
मागच्या ॲक्सलची क्षमता भागिले दोन, हा किमान भार. तुमच्या १८५० चे ९२५ होतात. पण बरोब्बर ९२५ ची रिम घेऊ नका. माल हौद्यात कधी मधोमध बसत नाही, वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकावर कलतो, आणि भरलेल्या गाडीचं मागचं चाक खड्ड्यात आपटतं तो मार वेगळाच. वीस टक्के वर धरा, म्हणजे १११०. पिकअपच्या चांगल्या रिमांवर २५०० पौंड हा आकडा सर्रास दिसतो, तो होतो ११३४ किलो. तुमची खरेदी तिथून सुरू होते.
एक खोच आहे. कित्येक उत्पादक हा भार ठरावीक टायरव्यासापुरताच देतात. वळणावर जमीन टायरला आडवी ढकलते, आणि टायर जितका उंच तितका त्या ढकलण्याचा तरफेसारखा जोर स्पोकच्या मुळाशी वाढतो. ७७६ मिमीचा टायर काढून ८३८ चा घातला की तेवढ्याच मालाला तो जोर साधारण आठ टक्क्यांनी वाढतो. पुढे उंच टायर घालायचा विचार असेल तर आत्ताच सांगा.

सहानट्या
टायर हाच मापाचा राहील. गाडी उचलायची नाही, उंच करायची नाही.

चिखलचाक
मग निम्मी डोकेदुखी गेली.
लेथवाल्यांच्या यादीत शिक्क्यांची भर घालतो. जपानी पद्धतीत जेडब्ल्यूएल हा शिक्का प्रवासी कारच्या रिमांसाठी आणि जेडब्ल्यूएल-टी हा ट्रक-बससाठी असतो. पिकअपला 'टी' वाला बघा. जेडब्ल्यूएल ही उत्पादकाची स्वतःची ग्वाही असते. शेजारी व्हीआयए असेल तर रिम बाहेरच्या संस्थेकडे तपासून नोंदलेली आहे. अमेरिकी मालावर बाजारातल्या रिमांसाठीचं एसएई जे२५३० हे मानक लिहिलेलं सापडतं. या चाचण्यांचा गाभा तोच: वळणाचा जोर देऊन फिरवत रिम थकवायची, उभ्या भाराखाली ड्रमवर पळवायची, आणि तेरा अंशांत कलती ठेवून कडेवर वजन पाडायचं.
शिक्का धातूतच ओतलेला किंवा ठोकलेला हवा. नुसत्या स्टिकरला काही अर्थ नाही.

पाटास्प्रिंग
(क) का नको, ते मोजून दाखवतो. रिमची रुंदी मिलिमीटरमध्ये करा आणि निम्मी घ्या. त्यातून ईटी वजा केलात की हबच्या तोंडापासून बाहेरची कड किती लांब ते मिळतं. ईटी मिळवलात की आतली कड.

आत्ताची ७.५ इंची: निम्मे ९५.२५. बाहेर ६५.२५, आत १२५.२५.
१७×९, ईटी ०: निम्मे ११४.३. बाहेर ११४.३, आत ११४.३.
१७×८, ईटी २५: निम्मे १०१.६. बाहेर ७६.६, आत १२६.६.

म्हणजे (क) ची कड तब्बल ४९ मिमी बाहेर येते. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल आणि खडे थेट दारावर फेकतो, पण ते सोडा. टायरची मध्यरेषा ३० मिमी बाहेर सरकली की तेवढ्याच मालाला व्हील बेअरिंग आणि स्टब ॲक्सलवर तिरका जोर वाढतो. स्टिअरिंग खड्ड्यात हातातून ओढलं जातं, कारण चाक ज्या रेषेभोवती वळतं त्या रेषेपासून टायरचा टेकू लांब गेलेला असतो. पुढचं चाक पूर्ण वळवून गाडी दबली की टायर मडगार्डच्या प्लास्टिकला किंवा बंपरच्या कोपऱ्याला घासतो तो वेगळाच.
(ग) चं माप मात्र सुरेख आहे: बाहेर ११ मिमी, आत जेमतेम दीड. शिवाय २६५/६५ आर१७ टायरला ७.५ ते ९.५ इंच रुंदी चालते आणि टायर मोजतात तो ८ इंचांवरच. आठला टायर सरळ उभा राहतो. रुंद रिमवर टायरची बाजू ताणली जाते, रिमची कड उघडी पडते आणि दगड सरळ धातूवर लागतो.
माप करताना एवढं लक्षात ठेवा की ८ इंच हे टायर बसतो त्या दोन खाचांमधलं अंतर आहे. कडेपासून कडेपर्यंत मोजलंत तर साधारण एक इंच जास्त भरेल, आणि 'दुकानदाराने ९ ची दिली' म्हणून उगाच भांडण होईल.

हबकॅप
(ख) वर बोलतो. टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की रबराची भिंत आटते. २६५/६५ आर१७ ची भिंत १७२ मिमी (२६५ चे ६५ टक्के). २६५/५० आर२० ची १३२.५. चाळीस मिमी हवा आणि रबर गेलं! खड्ड्याची धार टायर पूर्ण दाबून रिमच्या कडेवर पोचते ती याच चाळीस मिमीत. फ्लो-फॉर्म्ड असो नाहीतर घडीव, दगडमातीवर माल वाहायचा असेल तर ब्रेकवर बसेल ती सर्वांत लहान रिम, हा माझा साधा हिशेब. १८ पर्यंत समजू शकतो, भिंत १५९ च्या आसपास राहते. २० म्हणजे शोभा.

लेथवाला
+१. लहान म्हणजे किती, हे ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) ठरवतो. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला मोठी डिस्क असेल तर १६ बसत नाही. रिम नुसती चढवून, दोन नट हाताने लावून फिरवून बघा. कॅलिपरवर तीन-चार ठिकाणी मळलेली कणीक किंवा प्लॅस्टिसिन चिकटवलं की नेमकी फट कळते. तीन मिलिमीटर तरी हवी, आणि ती चिकटपट्टीची वजनं लावल्यावर. पुष्कळदा फट मोजतात रिकाम्या रिमची आणि बॅलन्सिंगची पट्टी नंतर तिथेच लावतात. पहिल्या फेरीत कॅलिपर ती सोलून काढतो.

चिखलचाक
फट कमी असली की अजून एक होतं. खडा आत अडकतो आणि फिरता फिरता रिमला आतून गोल चर पाडतो, लेथवर पाडावा तसा. बाहेरून काही दिसत नाही. टायर काढला तरी लक्ष जात नाही, कारण चर हवेच्या बाजूला नसतो, ब्रेकच्या बाजूला असतो. 'खर्रर्र' आवाज आला की थांबून खडा काढायचा, तो आपोआप पडायची वाट बघायची नाही.

जुनाचलोखंड
एवढी चर्चा कशाला. लोखंडी घ्या. वाकली तर हातोड्याने सरळ होते, अलॉय तडकते. विषय संपला.

लेथवाला
@जुनाचलोखंड, अर्धं खरं आहे. लोखंडी रिम वाकते आणि बऱ्याचदा हवा धरून ठेवते. कड मुरगळली तर दगडावर धरून ठोकून गाडी परत आणता येते. ओतीव अलॉयला ते जमत नाही. पण लोखंडी रिम वाकायला लागते ती चांगल्या अलॉयच्या आधी. ज्या खड्ड्यात जाड अलॉयला ओरखडाही येत नाही तिथे लोखंडी रिमला पोचा पडू शकतो. प्रश्न 'कोण जास्त मजबूत' असा नाही, मोडताना कोण कसं मोडतं असा आहे.
लोखंडीचे स्वतःचे रोग आहेतच. मधली ताटली आणि बाहेरचा पट्टा वेल्डने जोडलेला असतो. पाणी आणि मीठ त्या सांध्यात मुरतं. तडे जातात ते हवेच्या भोकांच्या कडेला किंवा नटाच्या भोकाभोवती. स्वस्त मालात गोलाई वाईट असते: कितीही बॅलन्स करा, गाडी ठरावीक वेगाला थरथरतेच, कारण वजन समतोल झालं तरी चाक गोल होत नाही.

हबकॅप
अलॉय-अलॉयमध्येही फरक आहे. साधी ओतीव रिम साच्यात रस ओतून होते. आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि जाडी वाढवून त्यांची भरपाई केलेली असते. फ्लो-फॉर्म्डमध्ये चेहरा ओतीवच, फक्त टायरचा पट्टा गरम करून रुळांखाली लाटलेला, म्हणून पट्टा चिवट. तुमच्या वापरात मार लागतो तो आतल्या कडेला, कारण तिथे स्पोकचा आधार नसतो, आणि लाटलेला पट्टा नेमका तिथेच कामी येतो. घडीव रिम, सहसा ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची, तडकण्याआधी वाकते. पण घडीव म्हणजे आपोआप जड कामाची असं नाही. पुष्कळ घडीव रिम वजन वाचवायला पातळ केलेल्या असतात. पुन्हा पालथी घाला, पुन्हा भाराचा आकडा बघा.

सहानट्या
फ्लो-फॉर्म्ड १७×८, ईटी २५, ११५० किलो अशी एक दिसते आहे. हबचं भोक ११०. दुकानदार म्हणतो 'सहा नट, १३९.७, सगळ्यांना बसते'. माझं हब १०६.१. चालेल?

पाटास्प्रिंग
'सगळ्यांना बसते' म्हणून तर भोक ११० चं ठेवलेलं असतं. १३९.७ पीसीडी सारखा असला तरी हायलक्सचं हब १०६.१, डी-मॅक्सचं १००.१, रेंजरचं ९३.१, सिल्व्हराडो १५०० चं ७८.१. आणि सहा नट म्हणजे १३९.७ हेही गृहीत धरू नये: फोर्ड एफ-१५० ला २००४ पासून १३५ आहे, निसान नवाराच्या डी४० आणि डी२३ या पिढ्यांना ११४.३. सहा नटांना मोजणं सोपं: एका स्टडच्या मध्यापासून बरोबर समोरच्या स्टडच्या मध्यापर्यंत.
११० मध्ये १०६.१ म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास दोन मिमी मोकळं. मधे कडं घाला, बाहेरून ११०, आतून १०६.१.

जुनाचलोखंड
प्लास्टिकचं कडं आणि त्यावर अख्ख्या गाडीचा भार? गंमत आहे.

टॉर्कपाना
भार कड्यावर नसतोच, हा गैरसमज फार जुना आहे. कडं फक्त रिम मधोमध बसवतं. भार पेलतं ते हबचं तोंड आणि रिमचा बसका यांच्यातलं घर्षण, आणि ते येतं नटांच्या दाबातून. एम१२ चा नट ११० न्यूटन-मीटरला कोरड्या आट्यांवर आवळला की ढोबळमानाने साडेचार टनांचा दाब देतो. सहा नटांचे सत्तावीस टन. कडं वितळलं तरी नट बरोबर आवळलेले असतील तर चाक जागचं हलत नाही.
म्हणून नट हा रिमइतकाच निवडायचा भाग आहे. चार गोष्टी बघा.
बसण्याची जागा: कंपनीच्या अलॉयला बऱ्याच गाड्यांत सपाट वॉशरचा, लांब नळीचा नट असतो. बाजारातल्या रिमला बहुतेक ६० अंशांचा शंकू. काहींना गोल जागा. शंकूच्या जागेत सपाट नट लावला तर तो फक्त कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो आणि भोक लंबगोल करून ठेवतो.
आटे: स्टडच्या व्यासाइतकी तरी पकड हवी. एम१२×१.५ ला १२ मिमी, म्हणजे पूर्ण आठ फेरे. हाताने मोजा. जाड बसक्याच्या रिमला जुने स्टड आखूड पडतात, तेव्हा लांब स्टड ठोका. पाच फेऱ्यांवर भागवू नका.
बंद टोकाचा नट: आत स्टड टोकाला आधी टेकला तर पान्याला घट्ट वाटतं आणि रिमवर दाब शून्य.
तेल-ग्रीस: आट्यांना नाही. तेल लागलं की घर्षण कमी होतं, आणि पाना तोच आकडा दाखवत असताना स्टडवर ताण सहज तिसऱ्या हिश्शाने जास्त जातो. स्टड तुटतात ते असे.

सहानट्या
११० हा आकडा माझ्या गाडीचा धरू?

टॉर्कपाना
नाही, गाडीच्या पुस्तकातला धरा. एम१२×१.५ ला साधारण १०० ते १३५ च्या दरम्यान सापडतो, एम१४×१.५ ला पुष्कळ पिकअपमध्ये दोनशेच्या जवळ.
आवळण्याची पद्धत: हबचं तोंड तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासा. अलॉय आणि लोखंड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर अँटी-सीझचा पातळ हात, फक्त तिथेच. चाक हवेत असताना सगळे नट हाताने शेवटपर्यंत. मग एक नट आणि त्याच्या समोरचा, असं जोडीजोडीने निम्म्या टॉर्कला. गाडी खाली, आणि पूर्ण टॉर्क. हवेची गन नट काढायला वापरा, शेवटचं आवळणं पान्यानेच. ८० ते १०० किमीनंतर थंड चाकावर पुन्हा तपासा.

लेथवाला
आणि रंग! नवीन रिम घेताना नटाच्या शंकूत आणि मागच्या बसक्यावर बोट फिरवा. तिथे जाड पावडर कोटिंग असेल तर ती चूक आहे, सौंदर्य नाही. पूर्ण टॉर्कला एम१२ चा स्टड ताणला जातो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. सगळा दाब त्या इवल्याशा ताणात साठवलेला. पावडर कोटिंगचा थर सहज ६० ते १०० मायक्रॉन असतो, म्हणजे तेवढाच. तापून तो थर चेपला की ताण गेला आणि नट मोकळा. 'टॉर्क पान्याने आवळूनही नट सैल होतात' ही तक्रार बहुतेकदा इथे येऊन थांबते.
जुनी अलॉय पुन्हा पावडर कोट करायची असेल तर भट्टीचं तापमान विचारा. टी६ हा कडकपणा उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेला असतो. पुन्हा पुन्हा २०० अंशांच्या वर भाजलं की तो उतरतो.

चिखलचाक
रंगाबद्दलच: चकचकीत कापलेल्या चेहऱ्यावर पारदर्शक लॅकर असलेल्या रिम दगडमातीला घेऊ नका. खडा लागून लॅकरचा टवका उडाला की त्याखालून पांढऱ्या दोऱ्यांसारखा गंज पसरत जातो. पूर्ण रंगवलेली मॅट रिम कंटाळवाणी दिसते आणि पुढेही तशीच दिसत राहते.
स्पोकच्या मागे खोल खड्डे असलेली रचनाही टाळा. ओला चिखल तिथे बसतो, वाळतो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी थरथरते. लोक बॅलन्सिंग करायला धावतात; पाण्याचा फवारा आतून मारला की काम होतं.

हबकॅप
व्हॉल्व्हचं कुणी बोललं नाही. लोडसाठी एलटी (हलक्या ट्रकचे) टायर घालणार असाल आणि हवा ६५ पीएसआयच्या वर जाणार असेल, तर साधा रबरी टीआर४१३ व्हॉल्व्ह त्या दाबाचा नाही. नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह घ्या, किंवा जास्त दाबाचा टीआर६००एचपी. रिमचाही कमाल दाब असतो, तो उत्पादकाच्या कागदावर बघा.

सहानट्या
माल ताब्यात घेताना काय तपासू? आणि जुन्या वाकलेल्या दोन रिम दुरुस्त करून ठेवाव्यात का?

लेथवाला
पाचही रिमांवर आकडे एकच आहेत का ते वाचा. चार एका ईटीच्या आणि पाचवी दुसऱ्या, असं होतं. मग टायर चढवण्याआधी नुसती रिम बॅलन्सिंग यंत्रावर लावून फिरवा आणि कडेजवळ डायल गेज धरा. अलॉयची डगमग पाऊण मिलिमीटरच्या आत हवी, उभीही आणि आडवीही. गेज नसेल तर स्टँडला खडू बांधून कडेला टेकवला तरी डगमग दिसते. टायर चढल्यावर परत करायला गेलात तर दुकानदार ऐकणार नाही.
जुन्यांचं: आतल्या कडेचा सौम्य बाक यंत्रावर सरळ होतो. पण आधी तडा शोधा. टायर काढा, रिम धुवा, लाल रंगाचं भेदक द्रव मारा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून वर पांढरं डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, केसाएवढी. रेघ दिसली की रिम भंगारात. वेल्ड करून चालवणारे भेटतील. वेल्डच्या भोवतालचा धातू उष्णतेने मऊ पडलेला असतो आणि पुढचा तडा वेल्डच्या शेजारीच जातो.

सहानट्या
ठरलं: १७×८ फ्लो-फॉर्म्ड, ईटी २५, ११५० किलो, काळी मॅट, ॲल्युमिनियमचं कडं ११० ते १०६.१, शंकूचे चोवीस नट. पाचवी रिम तूर्तास घेत नाही. तडा निघाला नाही तर जुन्यांतलीच एक सरळ करून स्टेपनीला लावतो. टायरचं माप तेच आहे.

टॉर्कपाना
चालेल, पण मग चोवीस नटांवर भागणार नाही. जुन्या रिमवर नट बसायची जागा सपाट असेल तर शंकूचा नट तिला लागणार नाही. जुन्या नटांतले सहा चांगले बघून, आटे साफ करून, कापडी पिशवीत घाला आणि पिशवी जॅकच्या दांड्याला बांधून ठेवा. दुसऱ्या खणात ठेवलेत तर रात्री सापडत नाहीत.

जुनाचलोखंड
पिशवीवर 'स्टेपनीचे' असं लिहा. गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती असेल तर त्याला काय माहीत.